फाइलमध्ये न लिहिलेले दोन दिवस

"मॅडम, काल दुपारी मी स्वतः औषध मारलंय आणि तुमचं अ‍ॅप आज प्लॉट हिरवा दाखवतंय. पाठवू का बाया आत?"

ऑफिसचं शटर नुकतंच वर गेलं होतं. फोनवर पोपटराव होते, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेचे सुपरवायझर.

"अजिबात नको. मी बघते."

"लवकर बघा. टोळी उक्त्यावर हाय, माझ्यासाठी थांबत नाय."

उक्तं म्हणजे एकरावर ठरवलेलं काम. सुरगाण्याहून जीपने आलेल्या बाया सकाळी बागेत शिरतात आणि विरळणी करतात, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढतात. हात, तोंड, सगळं पानांत. फवारणीनंतर प्लॉट किती वेळ बंद ठेवायचा, ते आमचं अ‍ॅप सांगतं. लाल म्हणजे बंद. हिरवा म्हणजे खुशाल जा.

मी पोपटरावांच्या प्लॉटची फाइल उघडली. प्लॉटची सगळी माहिती प्रोग्रॅम एका गठ्ठ्यात ठेवतो, त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. प्रोग्रॅम बंद झाला की मेमरी पुसली जाते. म्हणून तो गठ्ठा एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि पुन्हा सुरू करताना वाचून परत उभा करायचा.

फाइलमध्ये औषध होतं, फवारणीची वेळ होती. बंद किती दिवस, ती ओळच नव्हती.

मग डोक्यात लख्ख झालं. काही न सांगितल्यास प्रोग्रॅम जे गृहीत धरतो, ते डिफॉल्ट. आमचं डिफॉल्ट दोन दिवस होतं. फाइल छोटी राहावी म्हणून डिफॉल्टएवढाच असलेला आकडा आम्ही लिहीतच नव्हतो. जैविक शेती करणाऱ्या एका नव्या ग्राहकाने कटकट केली, की दरवेळी दोन दिवस खोडून शून्य टाकावं लागतं. म्हणून डिफॉल्ट शून्य केलं. काल संध्याकाळी तो अपडेट गेला. प्रोग्रॅमने जुन्या फाइली वाचल्या, जिथे ओळ नव्हती तिथे नवं डिफॉल्ट भरलं. टेस्टिंगमध्ये आम्ही नव्या फाइली लिहून नव्याच वाचल्या होत्या. त्या बरोबरच येणार.

कंपनी देवरे सरांची. मी त्यांच्या केबिनमध्ये धावले आणि सगळं सांगितलं.

"दुपारपर्यंत दुरुस्तीचा पॅच जाईल ना?" सर म्हणाले.

"जाईल. पण बाया आत्ता आत जातायत."

"पोपटरावांना सांगितलंस ना? झालं तर."

"त्यांनी फोन केला म्हणून कळलं. बाकीच्यांनी हिरवा बघून फोनच केला नसेल. सगळे प्लॉट लाल करा."

"अगं, ज्यांचा प्लॉट खरंच मोकळा आहे ते शिव्या घालतील. उद्या दुसरं अ‍ॅप घेतील."

"घेऊ देत. शिव्या आपण खाऊ. औषध त्या बायांनी का खायचं?"

"भाषण नको."

"मग ओटीपी द्या."

सगळे प्लॉट एकदम लाल करायला सरांच्या फोनवरचा ओटीपी लागतो. तेवढ्यात माझा फोन वाजला, पोपटरावांचा. मी स्पीकर लावला.

"मॅडम, मुकादमीण फोन उचलत नाय. टोळी फवारलेल्या वरच्या प्लॉटात शिरली वाटतं. मी गाडी काढतो."

सरांनी ओटीपी वाचून दाखवला. मी सगळे प्लॉट लाल केले.

पण बागांमध्ये रेंज धड नाही. अ‍ॅपवर लाल पोचेलच, याचा भरवसा नव्हता. आम्ही ग्राहकांचे नंबर वाटून घेतले आणि फोन लावत सुटलो. सर शेजारी उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "हो, चूक आमचीच." ओझरकडचे एक बागायतदार मला म्हणाले, "तुमच्या दिव्यावर कोण जातंय ताई! आम्ही आपली तारीख बघतो." अपमान इतका गोड कधी लागला नव्हता.

पोपटरावांचा फोन काही येईना. मी लावला की नुसती रिंग जायची.

शेवटी आला. "काढल्या बाहेर. साबणानं हात-तोंड धुतलं. दोघींना लय मळमळतंय, एकीनं उलटी केली. दवाखान्यात नेतोय. डॉक्टर औषधाचं नाव विचारतील, लगेच पाठवा."

नाव फाइलमध्ये होतं. औषधाच्या नावाला डिफॉल्ट नव्हतं.

संध्याकाळी दोघी दवाखान्यातून घरी गेल्याचं कळलं, तेव्हा मी सकाळचा डबा उघडला.

ग्राहकांना पाठवायचा मेसेज सरांनी लिहून आणला होता: 'डिस्प्लेमधील किरकोळ त्रुटी दूर केली आहे.' मी तो खोडला आणि लिहिलं: 'आमच्या चुकीमुळे फवारलेले प्लॉट सुरक्षित दिसले. एका प्लॉटमध्ये मजूर बाया आत गेल्या आणि दोघींना त्रास झाला.'

सरांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे लागतंच का?"

"गाळलं तर वाचणारा काय गृहीत धरेल, सर?"

मेसेज तसाच गेला. काही ग्राहकही गेले. आता आमचा प्रोग्रॅम प्रत्येक आकडा लिहितो, डिफॉल्टएवढा असला तरी. ओळ सापडली नाही तर प्लॉट लाल.

फाइली छोट्या ठेवून आम्ही किती जागा वाचवत होतो, ते नंतर मी तपासलं. सगळ्या ग्राहकांची मिळून, मोबाइलवरच्या एका फोटोएवढीही नव्हती.