करपलेल्या भाकरीचा फोटो

आमच्या दौंडच्या स्टुडिओत लोक पासपोर्ट फोटो काढतात आणि न्यायला विसरतात. पाकिटं साठत राहतात. माझ्या पार्टनरचे, शलमोनचे, किस्सेही तसेच साठलेत. लग्नाच्या ऑर्डरी मी घेतो आणि साहेब 'आर्ट' करतात!

सीमेवर लढाई पेटली तेव्हा चॅनलवाले दिवसभर भोंगे वाजवत होते. शलमोन म्हणाला, "ते स्फोट दाखवतात ना? मी बघणारी माणसं दाखवतो." आम्ही जवळच्या कासुर्डी गावात एका आबांकडे गेलो. टीव्हीवर भोंगा वाजला आणि त्यांचा मोत्या बाजेखाली घुसला. आबा ओरडले, "आरं, बंद करा त्यो! कुत्रं जेवंना झालंय!" फोटोत आली फक्त बाज आणि शेपूट.

*

शेजारीच लीलाकाकू. त्यांचा प्रवीण फौजेत, तिकडंच सीमेवर. कितीतरी दिवस त्याचा फोन लागत नव्हता. एक चॅनलवाला माइक घेऊन दारात आला. "काकू, जरा रडा ना, शॉट भारी येईल."

"ल्योक जित्ता हाय माझा! रडू कशाला?"

तो गेल्यावर मात्र काकू ढसाढसा रडल्या. शलमोनने कॅमेरा बॅगेत ठेवला. मी चिडलो, "अरे, हाच तर फोटो होता!"

"त्यालाही हाच पाहिजे होता," शलमोन म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी काकू भाकऱ्या थापत होत्या. टीव्हीवर प्रवीणच्या भागाचं नाव आलं. काकू तिकडं वळल्या आणि तव्यावरची भाकरी करपली. शलमोनने फोटो काढला तो त्या भाकरीचा!

*

लढाई थांबल्यावर चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावलं. प्रवीणचा फोन अजून बंदच होता. एक साहेब सगळे फोटो बघून म्हणाले, "पण यात युद्ध कुठंय?"

काकू भाकरीच्या फोटोखालीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्ये काय, करपलंय की!"

*

शेवटच्या दिवशी हॉलच्या दारात पाठीवर बॅग घेऊन प्रवीण उभा! काकू उठायला लागल्या. तोच धावत आला आणि त्याने आईला मिठी मारली. आम्ही दोघंही रडलो, लाजायचं काय त्यात?

मग त्याची नजर वर भाकरीच्या फोटोकडे गेली. "आई, ह्यो कवाचा फोटो?"

"टीव्हीवाले तुमचा भाग उडवत हुते ना, तवाचा."

प्रवीण हसायलाच लागला. "आगं, त्या दिवशी माझी ड्युटी फौजेच्या स्वयंपाकघरात हुती! दिसभर चपात्या लाटत हुतो!"

काकूंनी डोळे पुसले. त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून नीट पाहिले आणि विचारलं,

"करपवल्या न्हाईस न्हवं?"