विजयश्रीचा दोन ताऱ्यांचा रुपया

आमची विजयश्री चिंताकी गावात ब्लाउज शिवती, पर तिची नजर सुईपरीस बारीक. मी तिचा मोठा भाऊ, बालाजी. सातवीपर्यंतच शिकलोय, तरी तिच्याबद्दल माज्यावानी सांगणारा औराद तालुक्यात दुसरा न्हाई.

रोज सांजंला ती माज्या किराणा दुकानाचा गल्ला पालथा करती अन् भिंगातनं एकेक नाणं बगती. सालाच्या आकड्याखाली बारका तारा असला की नाणं हैदराबादच्या टांकसाळीचं. कवा ठशावर तारा वाकडा बसला की कारागीर त्याच जागी परत ठोकायचा, मग खालच्या ताऱ्याची टोकं वरच्याच्या आडून डोकावत्यात; असलं नाणं लाखात एक. नाणं पाडताना ठसा नुसता हलला असंल तर कडंला चपटी पायरी दिसती. त्या पायरीला कोण इचारत न्हाई. ही पायरीच दुसरा तारा समजून मी दोनदा पेढे वाटलेत, अन् विजयश्री अजून मला त्यावरून चिडवती.

अवंदा मातर खरा दोन ताऱ्यांचा रुपया घावला, त्योबी माज्या जल्माच्या सालाचा. नौबादचे संकर्षण सर, रिटायर मास्तर, बिदरला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरवतात. त्यांनी तिला फोनवर सांगितलं, आणून दाखव, खरा निघाला तर तुज्या नावानं काचंत ठिवतो. विजयश्रीचं नाव आजवर ब्लाउजच्या पिशवीवरबी कुणी लिवलं न्हवतं. तिनं रुपया कापसात गुंडाळून देव्हाऱ्यात ठिवला. मी औरादच्या बसस्टँडपातुर सांगून आलो.

मधी दिवाळी आली. आमची माय, चंद्रभागाबाई, लक्ष्मीपूजनाची समदी नाणी दर साली चिंच अन् राखंनं घासती. तिनं कापसातलाबी घासला. रुपया आरशावानी चमकायला लागला.

"माय, कामून घासलीस?" विजयश्रीनं रुपया उचलून भिंगाखाली धरला.

"मग काय, मळका रुपया लक्ष्मीपुढं ठिवायचा व्हय?"



नौबादला जाताना मी समजावलं, गप ऱ्हा, चमकतंय तर नवंच वाटंल. सरांनी भिंग उचलायच्या आतच ही म्हनली, "सर, तारा खरा दोनदा ठोकलेला हाय. पर मायनं राखंनं घासलंय."

सरांनी लई येळ बगितलं. तारा खरा हाय म्हनले, पर घासल्याचे ओरखडे उठलेत, काचंत न्हाई ठिवता येणार. तिची मान खाली गेली. मग सरच म्हनले, बाहीरच्या टेबलावर ठिवू. खरा दोनदा ठोकलेला तारा कसा दिसतो अन् नाणं घासलं की काय व्हतं, दोनीबी लोकांना कळंल. चिठ्ठीवर तुजंच नाव.

ती म्हनली, "मायचंबी लिवा. घासलंय तिनं."

सर हसले. मी म्हनलो, गल्ला माजा, साल माजं, मग माजं नाव?

"अण्णा, तुजं कामून लिवायचं? तू समद्या तालुक्याला तोंडी सांगून आलायस की."

आलोय. अजूनबी सांगायलोय.