ठकूच्या रिपोर्टातला तिसरा रकाना

"आज वार कोणता?" मी विचारलं. ठकू माझ्या टेबलावरची दौत पाहून हसली.

"वीसपर्यंत आकडे म्हण." तिनं तीनच म्हटले आणि पुन्हा हसली.

पंधरा मिनिटांत मी पौडच्या दवाखान्यात सर्टिफिकेट लिहून टाकलं: जन्मतः मंदबुद्धी, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ.

ठकू बावीस वर्षांची, डोंगरावरच्या धनगरवाड्यातली. बाप वारलेला. चुलत्याचा अर्ज होता की पोरीला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं. घरात खुळी पोर म्हणून त्याच्या मुलाला सोयरीक येत नव्हती. अशा हुकुमाला दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं लागत. दुसरं डॉ. यमुनाबाईंनी द्यायचं होतं.

यमुनाबाई मुंबईहून शिकून आलेल्या. त्यांना आमच्या पेट्यात, म्हणजे तालुक्याच्या या पोटविभागात, येऊन तीन महिने झाले होते, मला अकरा वर्षं. तरी महालकरीसाहेब, म्हणजे आमच्या पेट्याचे मॅजिस्ट्रेट, त्यांना उठून खुर्ची देत. मला 'बसा' म्हणायचं विसरत. बाया माझ्या दवाखान्यावरून पुढे त्यांच्या बिऱ्हाडी जात. हे रोज दिसे आणि रोज लागे.

बाईंनी ठकूला प्रश्न विचारलेच नाहीत. दिवसभर तिच्या घरी जाऊन बसल्या. रिपोर्टात दोन रकाने केले: काय जमतं, काय जमत नाही. अंघोळ करते, लुगडं नेसते, भाकरी थापते, चूल सांभाळते, शेळ्यांची करडं ओळखते. आकडे आणि बाजारहाट जमत नाही. शेरा: घरी राहू शकते.

"बघा डॉक्टर, याला म्हणतात तपासणी," साहेब मला म्हणाले.

चूक काढायचीच, एवढ्याच इराद्यानं मी दुसऱ्या दिवशी डोंगर चढलो.

करडं सगळी एकसारखी काळी. मला एकही वेगळं ओळखता येईना. ठकू एकेक उचलून त्याच्या आईखाली सोडत होती. एकदाही चुकली नाही. बाईंचं प्रत्येक वाक्य खरं निघत होतं आणि माझा जीव जळत होता.

मग भाकऱ्या झाल्या आणि ठकू उठून बाहेर गेली. चुलीतलं जळतं लाकूड बाहेर सरकलेलं, शेजारी वाळल्या फाट्यांचा ढीग. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

"ठके, इस्तू!" अंगणातून आई ओरडली. ठकू धावत आली, लाकूड आत सारलं, निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं.

"येकदा म्हनलं की करती," आई मला म्हणाली. "मी हितंच असती बगा."

मी माझ्या नव्या रिपोर्टात लाकूड लिहिलं. आईची हाक लिहिली नाही.

सुनावणीला साहेबांनी माझा कागद मोठ्यानं वाचला. चुलता खूश झाला. "आमी तेच म्हनतोय साहेब, ही घर जाळंल."

यमुनाबाई म्हणाल्या, "हे माझ्या नजरेतून सुटलं. डॉक्टरांनी बरोबर पाहिलं."

हेच ऐकायला मी डोंगर चढलो होतो. पण साहेबांनी हुकुमाचा कागद पुढे ओढला आणि ठकूच्या आईनं लेकीचं मनगट धरलं. ठकू तिच्याकडे पाहून हसली.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "माझा रिपोर्ट अर्धा आहे. आईनं हाक मारल्यावर तिनं विस्तव विझवला. मी ते मुद्दाम गाळलं."

"मुद्दाम?"

"होय साहेब."

साहेबांनी हुकुमाचा कागद बाजूला सारला. चुलता म्हणाला, "आन म्हातारी गेल्याव?"

"तवर शिकंल," आई म्हणाली. "भाकरी न्हाई का शिकली?"

यमुनाबाईंनी आपला कागद मागून घेतला आणि तिसरा रकाना आखला: कुणी सोबत असताना जमतं. त्यात पहिली नोंद चुलीची. ठकू आईकडे राहिली. दर वर्षी आम्ही दोघांनी तिला घरी जाऊन पाहायचं ठरलं. दुसऱ्या वर्षी ती हाकेशिवाय विस्तव विझवत होती.

मला लेखी ताकीद मिळाली. तिसऱ्या रकान्याचं कौतुक पुण्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचलं, बाईंच्या नावानं. बाईंनी उलट पत्र लिहून कळवलं की ती गोष्ट माझ्यामुळे कळली. त्या चांगुलपणाचाही मला राग आला.

पण रकाना मी पुढे नोकरी संपेपर्यंत वापरला. एकट्याला काय जमतं एवढंच तपासलं असतं, तर मीही किती ठिकाणी नापास झालो असतो.