अंगाचं माप, तोंडाचा घास

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली आणि मग वडिलांबरोबर फुलशेतीत लागलो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच असतील, तर सांभाळून घ्या. किस्से मात्र खरे आहेत. किस्से चाळीत साठवलेल्या कांद्यासारखे असतात, वेळेवर बाहेर काढले नाहीत तर आतल्या आत कोंब फुटतात.

आमचं सर्पमित्रांचं मंडळ म्हणजे तिघंच. बाळूभाऊ आमचे प्रमुख. पंचवटीत त्यांचं स्कूटरचं गॅरेज, मागे घर. जखमी साप आला की वनखात्याला कळवायचं, बरा होईपर्यंत मागच्या खोलीत ठेवायचा आणि मग रानात सोडायचा. दुसरा मुश्ताक, चिकन सेंटरवाला. तिसरा मी, किसन. घरात भाऊंची आई, तिला सगळे माई म्हणायचे. माई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नसे. आणि मागच्या खोलीत उंदीर!

साप पकडणं सोपं, त्याला जेवू घालणं अवघड, असं भाऊ म्हणायचे. कोणाला काय लागतं आणि केवढं लागतं हे कळायला हवं. त्यांचा एकच नियम. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग बघायचा, सावज तेवढ्याच जाडीचं द्यायचं. मोठं दिलं तर ओकून टाकतो.

मुश्ताक मंडळात आला त्या दिवशी भाऊंनी त्याला हा नियम समजावला. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि धंद्याच्या सवयीनं विचारलं, "अख्खाच देऊ, का करी कट?"

* * *

एकदा पेठकडून एक अजगर आला होता. त्याची चौकशी करायला वनखात्याचे नवे साहेब आले, उत्तरेकडचे, मराठी नुकतीच शिकत होते. भाऊ गिऱ्हाईकाची स्कूटर घेऊन चक्कर मारायला गेले होते. मी एकटाच. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

साहेबांनी विचारलं, याला सांभाळता कसं? मी म्हटलं, "साहेब, घूस द्यावी लागते."

घूस म्हणजे तो शेताच्या बांधात बिळं करणारा मोठा उंदीर, हे तुम्हाला माहीत आहे. हिंदीत घूस म्हणजे लाच, हे मला माहीत नव्हतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "घूस? किसको देते हो?"

"बडे को, साब. छोटे का काम चूहे में हो जाता है."

भाऊ वेळेवर आले म्हणून मी आज फुलं विकतोय.

* * *

कवड्या साप पाली खातो. असा एक कवड्या आमच्याकडे होता तेव्हा पाली आणायचं काम माझ्याकडे होतं. बातमी गल्लीत पसरली आणि एरवी आमच्या दारावरून पदर नाकाला लावून जाणाऱ्या बायका हाका मारायला लागल्या. किसन, आमच्या ट्यूबलाइटमागं एक आहे. किसन, आमच्या देव्हाऱ्यावर दोन आहेत. मी चहा पिऊन पिऊन दमलो, पण सगळ्यांच्या भिंती साफ केल्या.

दोन-तीन आठवड्यांनी कुलकर्णी काकू गॅरेजमध्ये आल्या. बराच वेळ स्कूटर बघितल्यासारखं केलं. मग हळूच म्हणाल्या, "डास फार झालेत रे. एखादी उरली असेल तर परत दे."

* * *

नागपंचमीला बायका भाऊंच्या घरी दूध घेऊन यायच्या. साप दूध पीत नाही, हे सांगून सांगून भाऊंचा घसा बसायचा. कोणी वाद घालायचं, कोणी रुसून जायचं. माईनं एका वर्षी दारातच पातेलं मांडलं आणि सगळ्यांचं दूध त्यात घेतलं. म्हणाली, "साप नाही पीत गं बाई. पण सापवाले पितात." संध्याकाळपर्यंत सगळ्या बायका ओसरीवर बसून त्याच दुधाचा चहा पीत होत्या. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

* * *

आता त्या धामणीचं सांगतो.

पावसाळा सरत आला होता. आडगावकडच्या एका द्राक्षबागेत तिला फावडं लागलं. जबड्याला डाव्या बाजूनं जखम. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं की थंडीच्या आत खायला लागली तर जगेल.

ती खाईना.

माईचा एक नेम होता. घरात जो कोणी असेल तो जेवल्याशिवाय ती रात्रीचं ताट घ्यायची नाही. गॅरेजमधली पोरं, पाहुणे, सगळे आधी. साप मात्र तिनं कधी या नेमात धरले नव्हते. भाऊंनीच तिला पटवलं होतं की साप आठ-आठ दिवस जेवत नाही, तो त्याचा धर्मच आहे. पण या धामणीच्या जखमेला औषध लावताना भाऊ तोंड धरायचे आणि माई कापूस. ती म्हणाली, हा साप नाही, ही आजारी बाई आहे. आणि रात्रीचं जेवण बंद केलं.

माईला चक्कर येण्याचा त्रास होता, जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊ रागावले, मग विनवण्या केल्या. माई आपली वाती वळत राहायची.

मग आम्ही धामणीच्या मागे लागलो. भाऊंनी मापाचा उंदीर दिला. तिनं वास घेतला, तोंड वळवलं. भाऊ म्हणाले, प्रकार बदलू. मुश्ताकनं कोंबडीचं पिल्लू आणलं. ते थोडा वेळ ओरडलं, मग थंडी वाजली असेल, धामणीच्या वेटोळ्यात शिरलं आणि झोपून गेलं. धामण हललीसुद्धा नाही. आम्ही तिघं बघत राहिलो.

मुश्ताक म्हणाला, "भाऊ, हिनं दत्तक घेतलं वाटतं." त्यानं ते पिल्लू परत नेलं. दुकानात विकायला मात्र त्याचा हात धजला नाही. पुढे त्याची तगडी कोंबडी झाली आणि गल्ल्यावर बसायला लागली.

शेवटी भाऊ खोटं बोलले. उंदीर मागच्या दारानं बाहेर नेला आणि माईला सांगितलं, खाल्लं तिनं, आता तू ताट घे. माई उठली, मागच्या खोलीत गेली. पेटीच्या जाळीतून धामणीकडं बघितलं, वरपासून शेपटीपर्यंत.

"बाळू, खोटं बोलायचं तर पोट तरी दाखव."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी माई न्हाणीच्या दाराशी खाली बसली. पडली नाही, बसली. पण भाऊंचा चेहरा पांढरा पडला. संध्याकाळी आम्ही पेटीपुढं परत भांडत होतो. मुश्ताक म्हणत होता लावा पक्षी आणू, भाऊ म्हणत होते पांढरा उंदीर. मी एक गोष्ट बघितली होती. उंदीर पुढं धरला की धामण तोंड उघडायला जायची आणि अर्ध्यातच मिटायची. पण दोघं एवढ्या मोठ्यानं बोलत होते की माझ्या तोंडून शब्द निघेना. शेवटी मी माईलाच हळू सांगितलं.

माईनं जाळीतून धामणीच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही अंगाचं माप घेताय रे. दुखणं तोंडाला आहे."

भाऊंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

माझ्या शेताच्या पाटात त्या दिवसांत अंगठ्याएवढे बेडूक असायचे. मी सायकल काढली. डब्यात घेऊन आलो तेव्हा माई ओसरीवर उभी होती. भाऊ डबा घ्यायला पुढं झाले. तिनं मान हलवली.

गळ्यातली तुळशीची माळ काढली. कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. तिचा गळा मी कधी मोकळा बघितला नव्हता. तिनं चिमट्यात बेडूक धरला, त्याच्याकडं बघून काहीतरी पुटपुटली आणि पेटीत धरला.

धामणीनं जीभ काढली. मग उजव्या बाजूनं, अगदी सावकाश, तोंड उघडलं.

मुश्ताकनं माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. माईनं दुसरा बेडूक दिला, मग तिसरा.

नंतर ती न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, माळ घातली आणि पाटावर बसली. भाऊ म्हणाले भाकरी गरम करतो. ती म्हणाली राहू दे, आणि गारच खाल्ली. भाऊ तिच्यासमोर बसून होते, पाण्याचा तांब्या हातात धरून. ती पाणी मागत नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडू बाजारात टाकला आणि तसाच भाऊंच्या घरी गेलो. भाऊ गॅरेजमध्ये होते, पण एकही स्कूटर सुरू केली नव्हती. घरात सगळं शांत. जेवल्यावर सापाला हलवायचं नसतं. मी दार हळूच ओढून घेतलं आणि पायरीवर बसलो.

कुलकर्णी काकू आल्या. एवढं ऊन वर आलं आणि माई अजून बाहेर कशी नाही, काय झालं, असं विचारत थेट दाराकडं निघाल्या. मी उठून आडवा उभा राहिलो.

"हळू बोला काकू," मी म्हटलं. "दोघी जेवून झोपल्यात."