डाव्या हातची सुशी

जपानमधल्या शिओगामाच्या बंदरामागे सुशीचं दुकान चालवणं म्हणजे खायचं काम नाही. पावलागणिक सुशीवाला, आणि गिऱ्हाईक असं चोखंदळ, की मासा कुठल्या बोटीतून उतरला तेही विचारणार. त्यात बाई! बाईचे हात गरम, मासा बिघडतो, असं सांगणारे शहाणे इत्सुएनं सुरुवातीला पुष्कळ पाहिले. ती वाद घालत बसली नाही. "आधी खा, मग बोला," एवढंच म्हणायची. खाल्ल्यावर फारसं कुणी बोलायचं नाही. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी आठ खुर्च्यांचं दुकान ती एकटी सांभाळते. कुणाला भात किती लागतो हे तिला विचारावं लागत नाही.

त्या गुरुवारी दुपारी कोन्नोकाका आले. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, पंचवीस वर्षं दर गुरुवारी हजर. जानेवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हापासून आठ महिने घराबाहेर पाऊल नाही. आज बायकोनं, तोमिकाकूंनी, अक्षरशः ओढून आणलं होतं. "इथं नाही जमलं, तर परत कुठंच यायचे नाहीत गं ते," काकू पुढे येऊन कुजबुजल्या.

इत्सुएनं नेहमीसारखा भाताचा मुटका वळून वर ट्यूनाचा काप बसवला आणि नेहमीसारखा तिरका ठेवला. काकांनी डावा हात पुढे केला. बोटं भलत्याच बाजूनं भिडली, भात फुटला, मासा सोयासॉसमध्ये पडला. शेजारी बसलेल्या मासळीवाल्यानं मुकाट्यानं भिंतीवरच्या पाट्या वाचायला घेतल्या.

"चल," काका उठत म्हणाले. "तमाशा पुरे झाला."

"डब्यात बांधून देतेस का गं?" काकूंचा आवाज रडवेला झाला होता.

इत्सुए भडकली, ती स्वतःवरच. समोरच्याचा हात बघायचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल!

"डबाबिबा काही मिळणार नाही. बसा काका! चूक माझी आहे. मी सुशी उलटी ठेवली."

आता इत्सुए मूळची डावखुरी. वडिलांनी काउंटरमागे उभं करताना पहिली अटच घातली होती: डाव्यानं वळलेली सुशी उलटी कलते, गिऱ्हाइकाला उचलायला अडचण होते, तेव्हा उजव्यानंच वळायचं. मनगट सुजेस्तोवर वळून वळून तिनं उजवा हात तयार केला. वडील जाऊन बारा वर्षं झाली, तरी ती अट तिनं मोडली नव्हती.

तिनं हात धुतले आणि भात डाव्या हातात घेतला. नेहमीपेक्षा थोडा कमी. दाबला, वर ट्यूना बसवला, काकांपुढे ठेवला. हात कुठंही अडखळला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

काकांनी उचलला. अख्खा घास तोंडात गेला. काकू श्वास रोखून बघत होत्या.

"बांगडा दे," काका म्हणाले.

बांगडा गेला. माकूल गेलं. सातव्या घासाला काकूंनी डोळे पुसले. "अहो, जरा दमानं."

"तू गप गं! आठ महिने तुझी पेज गिळतोय."

मासळीवाला खो-खो हसला. काका मात्र इत्सुएच्या हाताकडे टक लावून बघत होते.

"इत्सु, तू डावखुरी आहेस?"

"हो."

"आणि इतकी वर्षं आम्हाला दुय्यम हातचं खाऊ घातलंस?"

"दुय्यम कसलं? तेच मासे, तोच भात."

"मला शिकवतेस? नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचो मी. हा भात तोंडात गेल्याबरोबर सुटतो. तुझा आधीचा सुटत नव्हता. फसवलंस, पोरी."

इत्सुएनं डावा हात फडक्याला पुसला. बापानं बांधून दिलेला उजवा हात तिनं तेहतीस वर्षं जिवापाड सांभाळला होता, आणि तिला रडू येतंय की हसू, हेच कळेना.

"मलाही त्याच हातचं हवं," मासळीवाला म्हणाला. तो पक्का उजव्या हाताचा.

तिनं डाव्या हातानं ट्यूना वळला, एका बोटानं उजव्या हाताच्या बाजूला फिरवला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो सहज उचलला. इतकी वर्षं एवढंच करायचं होतं.