उतारावर थांबलेली मैत्रीण

आमचा दोघींचा रविवार सायकलींचा असायचा. मी मँचेस्टरला एका आयटी कंपनीत, माझी मैत्रीण हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. घरचे पांघरुणातून बाहेर यायच्या आत आम्ही डोंगरांकडे निघालेल्या असायचो. चढावर मी पुढे, उतारावर ती. ती अशी सुसाट सुटायची की मी खाली पोहोचेपर्यंत तिचं अर्धं केळं खाऊन झालेलं असायचं.

गेल्या ऑक्टोबरात एका ओल्या वळणावर, कुजलेल्या पानांवरून तिचं पुढचं चाक सरकलं. मी मागेच होते. कॉलरबोन मोडलं. हाड नीट सांधलं, हात पूर्ण वर जायला लागला, पण ती सायकलवर बसेना. आधी थंडीचं कारण, मग शिफ्टचं, मग टायरचं.

मी म्हणायची, "अगं, काही होत नाही. एकदा बसलीस की जाईल भीती."

"हो गं, बघू," ती म्हणायची. पेशंटना ती रोज हेच सांगत असणार. त्यात किती दम आहे ते तिला माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं.

जानेवारीत तसाही सायकलींचा मोसम नसतो. आमच्या क्लबात कुणीतरी म्हणालं, थंडीत दम टिकवायचा तर क्रॉस-कंट्री स्कीइंग करा. स्कॉटलंडच्या उत्तरेला चांगला बर्फ पडला होता. मी तिला जवळजवळ ओढूनच नेलं. हे कड्यावरून कोसळत यायचं स्कीइंग नाही, रानातल्या साध्या वाटांवरून घसरत चालायचं, असं समजावत नेलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, उंच आणि काटक. त्यांनी आमच्या बुटांना लांब, अरुंद स्की अडकवल्या, फक्त चवड्यापाशी. टाच मोकळी. मग म्हणाल्या, "आधी पडायला शिकू."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने दोन्ही काठ्या घट्ट धरल्या होत्या आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

पडण्यात माझा पहिला नंबर लागला. पेडल मारल्यासारखा जोर लावला की स्की मागे सटकायची आणि मी तोंडावर आपटायची. इतकी वर्षं कमावलेल्या मांड्या काही उपयोगाच्या नव्हत्या. एका पायावर सगळा भार टाकून निवांत घसरायचं असतं, ते मला जमेना. ती मात्र ताठ उभी राहून, पाऊल पाऊल टाकत, एकदाही न पडता चालत होती.

दुपारी पाइनच्या झाडांमधून वाट खाली उतरली. सायकलवर असतो तर तो उतार आमच्या लक्षातही आला नसता. बाई घसरत पुढे गेल्या. ती वरच थांबली.

"चल की. बर्फच आहे, लागणार नाही."

"तू जा."

"अगं, काही होत नाही..."

"ते वाक्य नको म्हणूस," ती म्हणाली. मग काठी बर्फात रोवून म्हणाली, "मला अजून तो आवाज येतो. हेल्मेट रस्त्यावर आपटल्याचा. पेशंटला व्यायाम देताना, भांडी घासताना, कधीही. तुला ऐकू आला होता?"

त्याबद्दल आम्ही कधी बोललोच नव्हतो.

"आला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तू गेलीस."

ती रडायला लागली. मलाही आवरेना. नाकं पुसून झाल्यावर आम्ही स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि चालत उतरलो. खाली बाई थांबल्या होत्या. त्यांनी फ्लास्कमधला चहा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर ती स्वतःहून थांबली, स्की काढल्या आणि सरळ बर्फात बसून घसरत खाली गेली. वर आली. मग स्की घातल्या, गुडघे वाकवले आणि निघाली. निम्म्यावर तोल गेला, एक कोलांटी झाली आणि ती तशीच पालथी पडून राहिली. मी धडपडत पोहोचले, तर तिचे खांदे हलत होते. हसत होती.

"पडले गं!" परीक्षेत पास झाल्यासारखी ती म्हणाली. कॉलरबोन चाचपून पाहिलं आणि पुन्हा वर चढायला लागली.

मला वाटलं, आता पुढचा रविवार सायकलवर. तसं झालं नाही. फेब्रुवारी गेला. मी विचारलं नाही. मार्चच्या शेवटी तिचाच मेसेज आला, 'सपाट रस्ता असेल तर येते.' चेशरच्या शेतांमधून गेलो. सबंध वेळ तिची बोटं ब्रेकवर होती आणि प्रत्येक वळणावर ती जवळजवळ थांबत होती. क्लबातले बाकीचे हात करून पुढे निघून गेले. मी तिच्या मागे राहिले आणि गप्प बसले. परतताना तिने आपल्या मुलीच्या परीक्षेचा विषय काढला, तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा होता.

डोंगरांकडे ती अजून येत नाही. कदाचित येणारही नाही. परवा मात्र म्हणाली, "पुढच्या थंडीत स्कीइंगला आठवड्याची रजा टाकू. दोन दिवसांत काय होतंय?"