पासष्ट इंच आणि कूलरची खिडकी

"ताई, टीव्ही वापस घ्या. अम्मी घरात थांबूनच नाही राहिली."

एप्रिलमधली दुपार होती. शकीलभाई बाळापूरहून मोटारसायकलवर आले होते. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडायच्या आधीच त्यांनी हे सांगितलं. मी अकोल्यात एका शोरूममध्ये सोळा वर्षं टीव्हीचं काउंटर सांभाळते आहे. रागावलेलं गिऱ्हाईक मला नवीन नाही. पण शकीलभाई रागावलेले नव्हते, घाबरलेले होते.

"घरात नाही त कुठं थांबतात?" मी विचारलं.

"मांगच्या खोलीत. वर टिनं हायेत. परवा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणते, ऊन लागलं, थंड्यात ठेवा. कूलर एकच, तो समोरच्या खोलीत. अन् तिथं टीव्ही पाहिला का अम्मी डोकं धरते."

"मग टीव्ही बंद ठेवा ना थोडे दिवस."

"बंद केला का उठून जाते. म्हणते, माह्यापायी लेकरायचं नुकसान कावून?"

तो पासष्ट इंची टीव्ही मीच पसंत करून दिला होता.

टीव्हीचा इंच म्हणजे रुंदी नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं माप. आमच्या धंद्यात बहुतेक लोक गिऱ्हाइकाला जेवढा मोठा झेपेल तेवढा टीव्ही गळ्यात मारतात. मी तसं करत नाही, आणि याचा मला फार अभिमान होता. जमेल तिथे मी घरी जाऊन मोजते. बसायची जागा ते टीव्हीची भिंत, हे अंतर इंचात काढायचं आणि निम्मं करायचं. आपल्याकडे बहुतेक घरी साधा सेट-टॉप बॉक्स असतो. त्याचं चित्र मोठ्या पडद्यावर जवळून पाहिलं तर फुटतं, कडा खरबरीत दिसतात, आणि डोळे त्या जुळवता जुळवता थकतात. म्हणून निम्मं.

जानेवारीत मी शकीलभाईंच्या घरी गेले होते. चौदा फूट लांब खोली. सोफा एका टोकाला, टीव्हीची भिंत दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर अकरा फूट, म्हणजे एकशे बत्तीस इंच. निम्मं सहासष्ट. पासष्टचा टीव्ही चपखल बसत होता. अम्मी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. माझ्या टेपकडे पाहून म्हणाल्या, "बेटा, हे त थंडीतलं मोजमाप झालं."

मी हसून म्हणाले, "अम्मी, भिंत थंडीत काय न उन्हाळ्यात काय, तेवढीच राहते."

शकीलभाईही हसले. अम्मी परत शेंगा सोलायला लागल्या.

तर आता एप्रिल. मी मॅनेजर सरांकडे गेले.

"रिटर्न पॉलिसी सात दिवसांची आहे मॅडम. तीन महिने झाले," सर म्हणाले. "पॅनलमध्ये फॉल्ट आहे का?"

"नाही."

"मग कस्टमरचा इश्यू आहे."

"माझा इश्यू आहे सर. माप मी घेतलं होतं."

"मग तुम्हीच निस्तरा." ते परत कॉम्प्युटरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आमचा इन्स्टॉलर विलास याला घेऊन मी सकाळच्या बसने बाळापूर गाठलं. समोरच्या खोलीत पाय टाकला आणि घोडं कुठे पेंड खातंय ते तिथल्या तिथे कळलं. जानेवारीत बंद असलेल्या खिडकीत आता भलामोठा कूलर बसला होता, आणि ही खिडकी टीव्हीच्या भिंतीला लागून होती. आतला दिवाण ओढून कूलरच्या तोंडाशी आणला होता. सोफ्यावर कुणी नव्हतं, तिथवर हवाच पोचत नव्हती. मी टेप काढला. दिवाणापासून टीव्ही पाच फूट. साठ इंच, निम्मे तीस. जानेवारीत ज्या खोलीला पासष्टचा टीव्ही लागत होता, त्याच खोलीला एप्रिलमध्ये बत्तीसचा पुरला असता.

मी मागच्या खोलीत गेले. भट्टी होती नुसती. अम्मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. मला पाहून त्यांनी आधी पाणी आणायला सांगितलं, माझ्यासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अम्मी, जानेवारीत तुमी काय सांगत होत्या, ते आता नीट सांगा," मी म्हणाले.

"काय सांगाव बेटा? ऊन तापलं का आमी समदे कूलरपाशी सरकतो. पावसाचं पाणी आलं का वापस. चाळीस साल झाले, असंच चालून राहिलं. तुले मालूम नाही काय?"

मला मालूम नव्हतं असं कसं म्हणू? माझ्या अकोल्याच्या घरीही मार्च सरला की पलंग कूलरसमोर येतो. पण मी माप शिकले ते कंपनीच्या पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये, एसीच्या हॉलमध्ये. तिथल्या चित्रातला माणूस बाराही महिने एकाच सोफ्यावर बसलेला होता. मी त्या माणसाचं ऐकलं आणि समोर बसलेल्या बाईला हसले.

कूलर हलवता येत नव्हता. मग टीव्हीच हलवायचा. सोफ्यामागच्या भिंतीवर दुसरं ब्रॅकेट लावायचं, म्हणजे टीव्ही टांगायची लोखंडी चौकट. उन्हाळ्यात टीव्ही इकडे, पाऊस लागला की परत तिकडे.

"मॅडम, एका टीव्हीले दोन ब्रॅकेट?" विलास म्हणाला. "आजपर्यंत कोणाच्याच घरी लावले नाही."

"मग आज लाव."

सोफा बाजूला सरकवला. ड्रिल झालं, वायर वाढवली, दोघातिघांनी टीव्ही उचलून टांगला. दिवाण आता उलट्या तोंडाने, पण कूलरच्या हवेतच. अंतर नऊ फूट. हिशेबाने टीव्ही अजूनही दहाएक इंच मोठाच होता, आणि मी ते शकीलभाईंना स्पष्ट सांगितलं. "अम्मीले पाहू द्या," ते म्हणाले.

अम्मी आल्या, दिवाणावर बसल्या. सेट-टॉप बॉक्सवर कसलीशी मालिका लागली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अर्ध्या तासाने शकीलभाईंनी हळूच विचारलं, "डोकं?"

"चूप रे. पाहू दे."

विलासने अवजारं आवरली. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा अम्मी लवंडल्या होत्या, डोळे मिटलेले, पदर कूलरच्या हवेने हलत होता. मला वाटलं झोपल्या. मी पायात चपला सरकवत होते, तेव्हा दिवाणावरून आवाज आला.

"बेटा, भिंत त तेवढीच राहते. मानसं सरकतात."

मापाच्या फॉर्मवर कूलरचा रकाना नाही. तेव्हापासून मी तो हाताने आखते, आणि टेप काढायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून भरते.